मुलींचा इंटरनेटचा तास

१८ जून २००१, सोमवार
प्रवेश सुरू झाले. फीच्या पावतीवर यंदा एक नवी ओळ आली आहे : इंटरनेट शुल्क, दीडशे रुपये. सगळ्यांना सक्तीचं. एका पालकाने खिडकीशी विचारलं, "हे काय हाये?" क्लार्क म्हणाला, "जगाशी जोडणी." पालक म्हणाले, "आमची पोरगी परतूरशी जोडली तरी लई झालं." पण पैसे भरले.

प्राचार्य सोळुंके सरांनी दुपारी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "कौसल्या मॅडम, मुलींच्या इंटरनेटची जबाबदारी तुमची." मी म्हटलं, मी मराठी शिकवते, वसतिगृहाची रेक्टर आहे, मला कॉम्प्युटर येत नाही. सर म्हणाले, "म्हणूनच तुम्ही. जबाबदार माणूस पाह्यजे, हुशार न्हाई."

विश्वास दाखवला, बरं वाटलं.

१६ ऑगस्ट, गुरुवार
काल झेंडावंदनानंतर इंटरनेट कक्षाचं उद्घाटन झालं. संस्थेचे सचिव आले होते. चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर, खिडक्यांना जाड पडदे. फोन मात्र एकच, सरांच्या केबिनमधला. त्याचीच तार भिंतीला भोक पाडून कक्षात आणली आहे आणि तिथेही एक फोन बसवला आहे. इंटरनेट लावलं की फोन एंगेज लागतो.

धर्मराजने, म्हणजे आमच्या लॅब असिस्टंटने, काहीतरी दाबलं. मांजरं भांडल्यासारखा आवाज आला, आणि थोड्या वेळाने पडद्यावर ताजमहाल वरून खाली उतरत उतरत आला. सचिव म्हणाले, "बराबर ताजमहालच हाये." टाळ्या झाल्या. पेढे कमी पडले.

वेळा ठरल्या. मुलींना सकाळी अकरा ते बारा, मुलांना संध्याकाळी सहा ते आठ. मुलांना दुप्पट का, असं बी.एस्सी. शेवटच्या वर्षाच्या बेबीनंदाने विचारलं. संध्याकाळी मुलींनी बाहेर पडणं योग्य नाही, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग फी निम्मी घ्या ना मॅडम." ही मुलगी राजूरची. वडील गणपतीच्या देवळासमोर नारळ-फुलं विकतात. जालन्यात वसतिगृह मिळालं नाही म्हणून इकडे परतूरला आली. बोलायला फटकळ आहे.

३ सप्टेंबर, सोमवार
अकरा ते बारा लाईट नसते. भारनियमनाचं वेळापत्रकच तसं आहे. वेळ ठरवताना हे कोणाच्या लक्षात आलं नसावं.

तरी तास मुलींचा आहे, तो बुडवणं बरं नाही. आम्ही पडदे सारून बसतो. आज तत्पुरुष समास घेतला. केशर नावाची मुलगी शेंगा घेऊन आली होती. टरफलं कीबोर्डमध्ये जातात, म्हणून मनाई केली.

९ ऑक्टोबर, मंगळवार
सरांकडे तीन वेळा गेले. शेवटी मुलींची वेळ बदलून एक ते दोन झाली. समाधान वाटलं.

आज लाईट होती. चारी कॉम्प्युटर सुरू झाले, पण इंटरनेट लागलं नाही. मांजरांचाही आवाज आला नाही. धर्मराज म्हणाला, "सर्व्हर डाउन हाये मॅडम."
"सर्व्हर कुठे असतो?"
"मुंबईला."
"कधी बरा होईल?"
"सरांना विचारा."
सरांना विचारलं. ते म्हणाले, तांत्रिक बाब आहे.

२८ नोव्हेंबर, बुधवार
दिवाळीची सुट्टी संपली. सर्व्हर अजून डाउन. द्वंद्व समास झाला, बहुव्रीही चालू आहे. मुली कमी येऊ लागल्या आहेत. बेबीनंदा रोज येते, कॉम्प्युटर सुरू करते, पडद्याकडे बघत बसते आणि बंद करते. मी म्हटलं, चिकाटी चांगली आहे.

४ फेब्रुवारी २००२, सोमवार
वाईट दिवस.

बेबीनंदा सकाळपासून वसतिगृहात नव्हती. संध्याकाळच्या गाडीने आली. न विचारता जालन्याला गेली होती, नवीन जालन्यात स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत. तिथे खोपट्यासारखे कप्पे असतात आणि त्यांना पडदे असतात, असं मी ऐकून आहे. मी चार मुलींसमोर तिला विचारलं, "कशाला गेली होतीस?"
"इंटरनेट पाह्यला गेल्ते मॅडम."
"इथे असताना जालन्याला कशाला?"
"इथं न्हाई ना."
"फी भरली आहेस ना?"
"भरली म्हणून थोडंच येतं?"

उद्धट उत्तर. वर्ष संपेपर्यंत बाहेरगावची परवानगी बंद केली आणि वडिलांना निरोप धाडला. नियम मीच लिहिलेला आहे. तो एका मुलीसाठी वाकवला की बाकीच्यांना काय सांगणार?

रात्री जेवण गेलं नाही. आमटी खारट झाली होती, हेही कारण असेल.

७ फेब्रुवारी, गुरुवार
बेबीनंदाचे वडील पुंजाराम आले. पांढरी टोपी, पिशवीत माझ्यासाठी नारळ. व्हरांड्यात बाकावर बसले, खुर्ची दिली तरी घेतली नाही.

म्हणाले, "पोरगी हुशार हाये, मला कळतंय बाई. पन एकटी जालन्याला गेल्ती हे घरी कळलं, तर तिची आई मलाच घरात घेनार न्हाई. नेतो तिला. परीक्षेपुरती आनून सोडीन. दुकानावर बसंल, मला तेवढाच हात व्हईल."

बेबीनंदा दाराशी उभी होती. ती पहिल्यांदाच सलग बोलली. हैद्राबादच्या एका संस्थेत सूक्ष्मजीवशास्त्राची एम.एस्सी. आहे. प्रवेशपरीक्षेत नंबर लागला तर राहणं-जेवण तिथलंच, वर विद्यावेतन. फॉर्म पोस्टाने मागवायची मुदत तिला कळायच्या आधीच संपली. आता फक्त इंटरनेटवरून काढलेला चालतो. तोही एक मार्चला निघणार आणि पंधरा मार्चच्या आत हैद्राबादला पोचला पाहिजे. जालन्याला जाऊन तिने एवढीच माहिती आणली होती.

पुंजाराम यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे खरं हाये का बाई? असं असतं?"

मला त्यातलं काही माहीत नव्हतं. पण मुलगी पुस्तकं आवरायला लागली होती, आणि तिचा चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, "खरं आहे. तिला राहू द्या. इंटरनेट आमच्या कॉलेजात आहे, फॉर्म इथूनच काढून देऊ. माझा शब्द."

ते लगेच उठले. "तुमचा शब्द हाये म्हनल्यावर मंग काय." नारळ ठेवून गेले.

आता शब्द दिला आहे. सर्व्हरला लवकर बरं वाटलं पाहिजे.

१९ फेब्रुवारी, मंगळवार
मुलांच्या वेळेत तरी सर्व्हर चालतो का, ते पाहायला संध्याकाळी कक्षात गेले. सहा-सात मुलं होती. एक जण कॉम्प्युटरवर पत्ते खेळत होता, एकटाच. बाकीचे त्याला पानं सांगत होते. मला पाहून सगळे उभे राहिले.

"इंटरनेट कधी लागतं रे इथे?" मी विचारलं.
"उद्घाटनाला लागलं व्हतं मॅडम."
"त्यानंतर?"
सगळे धर्मराजकडे पाहू लागले. धर्मराज पंख्याकडे पाहू लागला.

तो मला बाहेर घेऊन आला. म्हणाला, "मॅडम, इंटरनेटचे तास इकत घ्यावे लागतात. उद्घाटनाला एक पाकीट आनलं व्हतं, ते संपलं. नवीन सांगितलं, तर सर म्हनले, पोरं नुसता फोन अडकवून ठिवतील, सचिवांचा फोन लागनार न्हाई."
"मग सर्व्हर?"
"सर्व्हर ठणठणीत हाये मॅडम."

चार महिने मी मुलींना सर्व्हरची प्रकृती सांगत होते. पण सरांनीही काही विचार केला असेल. खर्च असतील. त्यांच्या केबिनला नुकताच एसी बसला, त्यालाही वीज लागतेच.

२० फेब्रुवारी, बुधवार
सरांना सगळं सांगितलं : शब्द, मुलगी, फॉर्म. सर म्हणाले, "एका पोरीसाठी पाकीट आणायचं का? उद्या दुसरी येईल."
मी म्हटलं, "येऊ द्या ना सर. फी सगळ्यांनीच भरलीय."
"मॅडम, तुम्ही व्याकरणाच्या बाई. हिशोबात पडू नका."

मी बाहेर आले. शिपाई भिवामामा स्टुलावर होते. म्हणाले, "चहा घ्या बाई." मी घेतला नाही. मागाहून वाटलं, त्यांच्यावर कशाला राग काढायचा.

१ मार्च, शुक्रवार
फॉर्म निघाला असेल आज.

सुट्टीच्या दिवशी बेबीनंदाला मीच जालन्याला नेईन, असं ठरवलं होतं. नियम मी केला, तर सोबतही मीच होईन. पण दुपारी नोटीस निघाली : बारा मार्चला विद्यापीठाची समिती सुविधांची पाहणी करणार, तोपर्यंत कोणीही परतूर सोडायचं नाही. प्रत्येकाची सही घेतली. मीही केली.

बेबीनंदाला सांगितलं. ती म्हणाली, "असू द्या मॅडम." फटकळपणे बोलली असती तर बरं झालं असतं.

८ मार्च, शुक्रवार
महिला दिन. सरांनी भाषणात स्त्रीशक्तीचा गौरव केला. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "समिती येईल तेव्हा इंटरनेट चालू पाहिजे. धर्मराज पाकीट आणतोय. दोन शांत मुली बसवा. विद्यापीठाचं पान उघडायचं, नमस्कार करायचा, बस्स."

रात्रभर विचार केला. पहिली म्हणून केशर ठरवली, ती फारच शांत आहे. दुसरी बेबीनंदा. कॅफेत जाऊन आलेली एकटी तीच, अनुभव लागतोच. यात माझा दुसरा काही हेतू आहे का, असं स्वतःला विचारलं. आहे. पण अनुभवही लागतोच.

१२ मार्च, मंगळवार
सविस्तर लिहिते.

समितीत तिघे होते : अध्यक्ष म्हणजे नांदेडकडचे एक वयस्कर प्राध्यापक, परभणीच्या एक मॅडम आणि एक गृहस्थ, ज्यांना मधुमेह होता आणि ज्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा करायला भिवामामा दोनदा पळाले. सर सगळ्यांना घेऊन कक्षात आले. पडदे धुतलेले होते. लाईट होती, सरांनी वीज कार्यालयात जाऊन सांगून ठेवलं होतं. धर्मराजने लावलं आणि मांजरं भांडली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

केशरने विद्यापीठाचं पान उघडलं आणि नमस्कार केला. ठरल्याप्रमाणे.

अध्यक्ष बेबीनंदाजवळ आले. "आणि तू काय करतेस बाळ?"
ती म्हणाली, "सर, मी हैद्राबादच्या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म काढून राह्यले."
सर म्हणाले, "विद्यापीठाचं पान दाखव."
अध्यक्ष म्हणाले, "असू द्या, असू द्या. हाच तर खरा उपयोग. काढ बाळ."

फॉर्म ताजमहालापेक्षा सावकाश आला. सरांनी ग्रंथालय पाहू या म्हटलं. मधुमेही गृहस्थ म्हणाले, "पोरीचं होऊ द्या." मग प्रिंटर सुरू झाला. तो पत्रा कापल्यासारखा ओरडतो. सर संस्थेच्या प्रगतीबद्दल बोलत होते, पण फक्त ओठ हलताना दिसत होते. कागद बाहेर आला, दुसरा आला, तिसरा आला. बेबीनंदाने ते छातीशी धरले.

परभणीच्या मॅडमनी मला विचारलं, "मुली रोज येतात का हो?"
"रोज. आता कमी येतात, पण मी एकही तास चुकवलेला नाही."
"काय काय बघतात?"
"बघता येत नाही. आधी लाईट नसायची. मग वेळ बदलली, पण तोवर पाकीट संपलं होतं."
"मग तासभर करता काय?"
"समास झाले. आता प्रयोग चालू आहेत. कर्मणी."
कोणी हसलं नाही. मॅडम सरांकडे वळल्या. "फी घेता का तुम्ही याची?"
सर म्हणाले, "मॅडम जरा विनोदी आहेत आमच्या."

मी विनोदी नाही. वीस वर्षांत मला कोणी तसं म्हटलेलं नाही.

समिती जेवायला गेली. मी जेवले नाही. बेबीनंदाने तिथेच फॉर्म भरला. परीक्षेच्या फीचा ड्राफ्ट तिने आधीच काढून ठेवला होता, इतका तिला माझ्या शब्दावर भरवसा होता, हे मला आज कळलं. पोस्टात जाऊन आम्ही दोघींनी स्पीड पोस्ट केलं. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "हैद्राबाद? परवापर्यंत पोचंल." ती रस्त्यातच रडायला लागली. मी तिला उसाचा रस पाजला.

१३ मार्च, बुधवार
सरांनी बोलावलं.
"मॅडम, तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात?"
"मी रेक्टर आहे सर."
"ते मला माहीत आहे."
"त्यांनी विचारलं, मी सांगितलं."
"सगळं सांगायचं असतं का?"

याचं उत्तर मला घरी येऊन भांडी घासताना आलं, पण तोवर उशीर झाला होता.

४ एप्रिल, गुरुवार
विद्यापीठाने कळवलं म्हणे : इंटरनेटचे तास द्या, नाहीतर शुल्क परत करा. परत करणं शक्य नव्हतं, एसी काढून विकता येत नाही. त्यामुळे तास मिळाले. दुपारी दोन तास मुलींना, संध्याकाळी मुलांना.

सरांनी तरी एक नोटीस काढली. अर्ध्या तासाला दहा रुपयांचं कूपन, मुलींची कूपनं मी फाडायची. मी गठ्ठा परत नेऊन दिला. म्हटलं, "आधी भरलेल्या फीचे तास होऊ द्यात, मग फाडते." सरांनी गठ्ठा ठेवून घेतला. मुलांची कूपनं फाडायलाही मग धर्मराज तयार झाला नाही.

माझ्याकडून रेक्टरपद काढून घेणार, अशी चर्चा आहे. राहायची खोली त्याबरोबरच जाईल. भीती वाटते, खोटं कशाला लिहू? बेबीनंदाला हॉल तिकीट आलं, परीक्षा मे महिन्यात आहे. पुंजाराम स्वतः तिला हैद्राबादला घेऊन जाणार आहेत.

२४ जून, सोमवार
नवीन वर्षाचे प्रवेश चालू आहेत. रेक्टर मीच आहे. दुसरं कोणी वसतिगृहात राहायला तयार झालं नाही.

आज हैद्राबादचा निकाल होता, तोही इंटरनेटवरच. बेबीनंदा आणि पुंजाराम पहिल्या बसने निघून दुपारी पोचले. निकाल वाटेत जालन्यातही दिसला असता, तसं मी म्हटलंही. पुंजाराम म्हणाले, "फॉर्म हितून गेल्ता. निकाल दुसरीकडं कशाला पाह्यचा?"

मुलींचा तास चालू होता. धर्मराजने पान लावलं. यादी एकेक ओळ करून उतरायला लागली. पुंजाराम माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते, टोपी मांडीवर.

भिवामामा आले. "बाई, सर घरून फोन लावून राह्यले, लागत न्हाई. शेजाऱ्याच्या पोराला धाडलंय. कॉलेजावर सचिवांचा फोन येनार हाये, जल्दी बंद करा म्हनले."
"यादी उतरतेय," मी म्हटलं.
ते गेले. थोड्या वेळाने परत आले. "पोरगं परत आलं. सर लई तापलेत बाई."
यादी तिच्या नंबराच्या जवळ आली होती. धर्मराजचा हात बटणाकडे गेला. मी तो धरला. आजवर मी कोणा सहकाऱ्याचा हात धरलेला नाही.
"सरांना सांगा, मुलींचा तास आहे."
भिवामामा दारातच थांबले. त्यांनाही निकाल पाहायचा होता.

पान मध्येच अडकलं. पुंजाराम म्हणाले, "गेलं का?" मग ओळ उतरली. बेबीनंदाने बोट पडद्यावर ठेवलं, खाली नेलं, परत वर नेलं आणि तिथेच धरून ठेवलं.
"दादा," ती वडिलांना म्हणाली, "हाये."
पुंजाराम यांना वाचता येतं, तरी ते म्हणाले, "बाई, तुमी वाचा." मी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं : नंबर, नाव, वडिलांचं नाव. वडिलांचं नाव आलं तसे ते उभे राहिले, वर्गात हजेरी घेतल्यासारखे. भिवामामांनी दारातूनच टाळ्या वाजवल्या. केशरने बेबीनंदाला मिठी मारली, त्यात माउस खाली पडला.

पुंजाराम टोपी घालत म्हणाले, "आता घरी फोन लावता यील का? शेजारी फोन हाये. तिची आई सकाळपून तिथंच बसलेली हाये."
"लावा ना," मी म्हटलं, आणि धर्मराजने इंटरनेट बंद केलं.

त्यांनी हात पुढे केला, तेवढ्यात फोनच वाजला. मी उचलला. सर होते.
"मॅडम! तासभर फोन एंगेज लागून राह्यलाय! काय चाललंय काय तिथं?"
"काही नाही सर," मी म्हटलं. "इंटरनेट चालू होतं."